किंग काँग विरुद्ध गॉडझिला, १६ मिमी: रंग आला, आता धुळीशी मारामारी

स्कॅन हातात आलंय. तुकडा शेवटच्या हाणामारीचा, अमेरिकन आवृत्तीच्या १६ मिमी प्रिंटमधला. व्हिनेगरचा वास (फिल्म सडायला लागल्याची खूण) अजून नाही, पण रंग पार गुलाबी. ईस्टमनच्या जुन्या रंगीत प्रिंटचं हे नेहमीचंच: सायन (निळसर-हिरवं) रंगद्रव्य आधी उडतं. त्यामुळे लाल चॅनेल नुसता सपाट पांढुरका झालेला. तो ताणला की माती-आकाश वेगळं दिसतं, पण ग्रेनही (फिल्मचा रवाळपणा) तेवढाच उसळतो. काँगची लव आता तपकिरी दिसतेय. गॉडझिलाच्या पोटाखालच्या सावल्या मात्र अजून लालसर आहेत आणि बहुधा तशाच राहतील.

खरा वेळ खाल्ला तो अतामीच्या किल्ल्याने. दोघं मध्ये किल्ला धरून त्याचा चुराडा करतात तो शॉट. ऑटोमॅटिक डर्ट रिमूव्हल, म्हणजे डाग आपोआप पुसणारा फिल्टर, लावलं आणि किल्ला एकदम गुळगुळीत कोसळला, कौलांचे कपचे गायब! फिल्टरचा हिशेब सरळ आहे: मागच्या-पुढच्या फ्रेममध्ये नाही आणि फक्त मधल्या फ्रेममध्ये आहे, म्हणजे कचरा. उडणारा बारीक तुकडाही त्याच हिशेबात बसतो. स्पेशल इफेक्ट्सचे दिग्दर्शक सुबुराया मिनिएचर (छोट्या प्रतिकृती) जास्त वेगाने चित्रित करायचे, म्हणून पडझड संथ आणि वजनदार दिसते. त्यामुळे मोठे तुकडे फिल्टरच्या तावडीतून सुटतात, बारीकसारीक जातं. आणि धुरळा नसलेली पडझड म्हणजे खेळणं.

मग डाग दोन ढिगांत वाटले. काळे ठिपके माझ्या प्रिंटवरच्या धुळीचे, ते बेधडक काढायचे. पांढरे ठिपके निगेटिव्हवरच्या धुळीचे, प्रिंटमध्येच छापले गेलेले. पंचाईत ही की मिनिएचरचा चुराही पांढराच! म्हणून या शॉटपुरता फिल्टर फक्त काळ्यावर, आणि पांढरे हाताने, एकेक फ्रेम बघून. शंका आली तर डाग राहू दे, हा माझा नियम.

फ्रेमच्या कडा परत मिळणार नाहीत. मूळ चित्रपट तोहोस्कोपचा, म्हणजे रुंद पडद्याचा, ही प्रिंट टीव्हीसाठी कापलेली. किल्ल्याच्या शॉटमध्ये कधी काँगचा खांदा बाहेर, कधी गॉडझिलाची शेपटी.

अर्थात चित्रपट बनवणाऱ्या तोहो या जपानी स्टुडिओचं दुखणं याहून मोठं होतं. १९६२ चा ९७ मिनिटांचा चित्रपट १९७० च्या चॅम्पियन महोत्सवासाठी (तोहोचा मुलांसाठीचा चित्रपट महोत्सव) ७४ मिनिटांवर आणला, तोही मूळ निगेटिव्हच कापून. कापलेले तुकडे सापडेनात, म्हणून पुढे घरगुती आवृत्त्यांत ते भाग १६ मिमीवरून भरले. चांगल्या प्रतीत मध्येच चित्र ढासळायचं. हरवलेली रिळं मिळाल्यावर २०१६ मध्ये 4K आवृत्ती आली. रंग जुळवायला मी त्याच आवृत्तीचा संदर्भ घेतोय. माझं काम अर्थातच घरी बघण्यापुरतं, हक्क मूळ मालकांचे.

आवाजावर जीव टाकणार नाही. अमेरिकन आवृत्तीत मूळ संगीतकार इफुकुबेंचं बरंचसं संगीत काढून युनिव्हर्सलच्या गोदामातलं जुनं संगीत चिकटवलंय. खरखर थोडी दाबेन, बास.

पुढचं काम चिकटपट्टीच्या जोडांचं: जोडापाशी दोन-तीन फ्रेम उडी मारतात. हाताने स्थिर करण्याऐवजी कुणाकडे एव्हिसिंथ या व्हिडिओ सॉफ्टवेअरची चालणारी स्क्रिप्ट असेल तर सांगा.