वर्गणी देणाऱ्याला मत असलं की

कोकणातल्या माणसाला वर्गणी द्यायला शिकवावं लागत नाही. देवळाची, पालखीची, नमनाची, क्रिकेटच्या चषकाची, आणि मुंबईला असेल तर गावच्या मंडळाची वेगळी नि वाडीच्या मंडळाची वेगळी. पावती फाटते, फळ्यावर नाव लागतं. पैसे कशावर खर्च करायचे ते मात्र चार जाणत्यांनी आधीच ठरवलेलं असतं.

याला पर्याय म्हणजे सामूहिक देणगी गट. त्यात बदल एवढाच की सगळ्यांनी सारखी रक्कम द्यायची आणि ती कुठल्या स्थानिक कामाला जाणार ते देणाऱ्यांनीच मत देऊन ठरवायचं. भिशीसारखंच, फक्त पैसे परत येत नाहीत. वेंडी स्टील यांनी २००१ मध्ये अमेरिकेत सिनसिनाटीला 'इम्पॅक्ट १००' सुरू केलं. शंभर बायकांनी हजार-हजार डॉलर काढायचे आणि लाखभर डॉलरचं अनुदान द्यायचं, अशी ती कल्पना. पुढे २००६ मध्ये मिशिगन राज्यातल्या जॅक्सन इथे कॅरन डनिगन यांनी त्याहून सुटसुटीत प्रकार काढला. शंभर जणी, शंभर-शंभर डॉलर, तासाभराची बैठक, मतदान, आणि प्रत्येकीचा चेक थेट निवडलेल्या संस्थेच्या नावाने. आपल्याकडच्या गावांना हा दुसरा प्रकार जास्त मानवतो, कारण त्यात गटाला स्वतःचं खातंच लागत नाही.

खातं नको, यावर आमचा फार जोर आहे. 'खजिनदाराच्या नंबरवर जीपे करा' इथून गट बिघडायला लागतो. ६० जणांचे दोन-दोन हजार म्हणजे १,२०,००० रुपये. एका माणसाच्या खात्यात वर्षभरात ५०,००० च्या वर बिनमोबदला रक्कम आली की ती त्याचं उत्पन्न धरली जाऊ शकते, आणि आयकराला खुलासे देत बसावं लागतं ते त्या बिचाऱ्याला. शिवाय नोंदणी नसलेल्या मंडळाने धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. सार्वजनिक गणपतीची मंडळं दरवर्षी काढतात तीच ही. सभासदाने पैसे थेट संस्थेला दिले की दोन्ही कटकटी उरत नाहीत आणि पावतीही त्याच्याच नावाची मिळते. पावतीसाठी पॅन आणि पत्ता तिथल्या तिथे लिहून द्यायचा, कारण देणगीदारांची यादी संस्थेला आयकर खात्याकडे भरावी लागते. ती भरली नाही तर हातात पावती असून देणगीवरची करसवलत (८०जी) अडकते. दोन हजारांच्या वर रोख दिली तर त्या रकमेला सवलत नाही. नव्या करप्रणालीत गेलेल्यांना तर ती मुळातच नाही. तेव्हा करसवलतीचं आमिष दाखवून सभासद जमवू नयेत.

रत्नागिरी-रायगडात प्रत्येक मोहल्ल्यातलं, वाडीतलं कुणी ना कुणी आखातात असतं. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परदेशी धरली जात नाही. पण दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेल्या भावाचे पैसे परदेशी ठरतात. संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी नसेल तर ते नम्रपणे नाकारायचे. 'आपलाच माणूस आहे' हे उत्तर कायद्यापुढे चालत नाही.

रक्कम किती ठेवायची? ज्याचा हात सगळ्यात आखडता त्याला झेपेल इतकी. तिमाही हप्ते कागदावर छान दिसतात, पण जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, आंब्याचा पैसा एप्रिल-मेमध्ये येतो आणि शाळांचा खर्च जूनमध्ये अंगावर पडतो. वर्षातून एकदाच, गणपतीत, दोन हजार हे गणित बऱ्याच गावांत बसतं. ज्यांना तेवढं जड जातं त्यांनी चौघींत मिळून एक वाटा घ्यायचा, म्हणजे मतही एकच. बचत गटातल्या बायकांना हे समजावून सांगायला लागत नाही, आणि मत कुणाला द्यायचं यावर त्या आपापसात जी चर्चा करतात ती पुष्कळदा मुख्य बैठकीपेक्षा मुद्द्याची असते.

आता खरं काम. मतदान अर्ध्या तासात उरकतं, मतदानापर्यंत काय पोचू द्यायचं यात दोन-तीन महिने जातात. सूचना कुणीही सभासद देऊ शकतो, अर्ध्या पानात: काम काय, कोण करणार, किती पैसे, पुढच्या वर्षी खर्च कुणाचा. मग तिघांनी कागद बघायचे, आणि हे तिघे दरवर्षी बदलायचे. नोंदणी प्रमाणपत्र, धर्मादाय कार्यालयातला परिशिष्ट १ चा उतारा (त्यात विश्वस्तांची नावं असतात), शेवटचा ऑडिट, पासबुकाचं शेवटचं पान. कोकणातल्या जुन्या संस्थांत नेहमीचा घोळ परिशिष्टावर सापडतो: पाचपैकी तीन विश्वस्त वारलेले, बदल अर्ज कधी दाखलच झाला नाही, आणि बँकेत सही चालणारा एकमेव माणूस विरारला मुलाकडे राहायला गेलेला. अशा खात्यात पैसे जातात, बाहेर येत नाहीत. संस्था कितीही सज्जनांची असली तरी हा कागद पुरा होईपर्यंत तिला थांबवायचं.

बांधकाम असेल तर सातबारा. पाण्याची टाकी, वाचनालयाची खोली, पाखाडी (पायऱ्यांची वाट), साकवाचा (ओढ्यावरच्या छोट्या पुलाचा) खांब, काहीही असो, जमीन कुणाची ते आधी. 'चुलत्याने तोंडी दिली आहे' म्हणतात. उतारा काढला की सामाईक खात्यात वीस-बावीस नावं, त्यातली काही मयत, वारस लागलेले नाहीत, बाकीचे ठाणे-डोंबिवलीत पसरलेले. चौथरा उभा राहिला की त्यातला एक जण अर्ज ठोकतो आणि काम तिथेच थांबतं. चिरा, वाळू, गवंड्याची मजुरी सगळं चौथऱ्यात गेलेलं. नोंदणीकृत बक्षीसपत्र किंवा निदान सर्व हयात सहहिस्सेदारांचं लेखी संमतिपत्र आणि ग्रामपंचायतीचा ठराव, याशिवाय बांधकामाची सूचना चिठ्ठीवर येऊच द्यायची नाही. संमतिपत्र आणि मालकी एक नव्हे, हेही ध्यानात असावं. पक्क्या इमारतीला बक्षीसपत्रच हवं.

जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी वेगळी वाट. तिथे रोख देण्यापेक्षा वस्तू द्यावी, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्यावा आणि डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या टिकाऊ सामानाच्या वहीत) नोंद झालेली डोळ्यांनी बघावी. पट घटून शाळा उद्या शेजारच्या शाळेत विलीन झाली तर ती वस्तू कुठे गेली हे त्या नोंदीवरूनच कळतं.

दोन गोष्टी दारातच अडवाव्यात असं आमचं मत. एक, देवळाचा जीर्णोद्धार. त्याला वर्गणीची वाट आधीपासून आहे, आणि त्याच्याशेजारी विहिरीतला गाळ मताला ठेवला तर गाळ हरणार. दुसरी, एखाद्या माणसाचं आजारपण. शेजाऱ्याचं डायलिसिस की वाचनालयाची कपाटं, यावर घरच्यांसमोर मतं मोजणं क्रूर आहे. त्यासाठी वेगळी हाक द्यावी, मतदान नको.

कागद पुरे असलेल्यांत चिठ्ठ्या टाकून तीन नावं काढायची. प्रत्येकाला पाच मिनिटं बोलायला, पाच मिनिटं प्रश्नांना. पडद्यावर फोटो नकोत. गोड बोलणारा आणि दिसायला छान काम मांडणारा जिंकतो, हा या पद्धतीचा जन्मजात दोष आहे. स्वागत कमान, पत्र्याची शेड, नावाचा फलक लागेल असं काहीतरी पुढे जातं. पंपाची दुरुस्ती, रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरचा पगार, विहीर उपसणं मागे पडतं. म्हणून ठरलेले प्रश्न सगळ्यांना सारखेच विचारायचे. पंपाचं बिल कोण भरणार, मीटर कुणाच्या नावावर? रुग्णवाहिका फुकट मिळते आहे, पण विमा, फिटनेस, डिझेल? खाडीकाठी साधा पत्रा टाकताय, तो खाऱ्या वाऱ्यात किती पावसाळे काढेल? दुसऱ्या वर्षाचं उत्तर ज्याच्याकडे नाही त्याचं भाषण कितीही रंगलं तरी सभासदांना ते आपोआप दिसतं.

मतदान हात वर करून घेऊ नये. समोर गावकर, मानकरी, भावकीतला थोरला बसलेला असताना हात कुणासाठी वर जातो ते सगळ्यांना माहीत आहे. चिठ्ठी आणि डबा. चिठ्ठीवर दोन चौकोन, म्हणजे प्रत्येकाने दोन वेगळ्या कामांना मत द्यायचं, आणि दोन्ही मतांना सारखं वजन. एकच चौकोन भरलेली चिठ्ठी बाद. हे कशाला? समजा ६० सभासद आहेत, त्यातले २६ मोठ्या वाडीतले. एकेक मत असेल तर त्यांच्या शेडला २६, धाकट्या वाडीच्या विहिरीला १८, वाचनालयाला १६. शेड जिंकली, ३४ जण नाराज. आता दुसरं मत धरा. मोठ्या वाडीची दुसरी मतं विहिरीला १४ आणि वाचनालयाला १२. विहीरवाल्यांची वाचनालयाला १५, शेडला ३. वाचनालयवाल्यांची विहिरीला १४, शेडला २. बेरीज करा: शेड ३१, विहीर ४६, वाचनालय ४३. विहिरीचं काम आता मोठ्या वाडीतल्याही चौदा जणांना हवं आहे, आणि पुढे पाइप त्यांच्याच हद्दीतून न्यायचा असेल तर हे चौदा जण फार मोलाचे. बरोबरी झाली तर देवाच्या नावाने चिठ्ठी उचलायची, फेरमतदान नको. पैसे मिळालेल्या संस्थेने नंतरची दोन वर्षं अर्ज करायचा नाही.

रक्कम तिघांत वाटून टाकू, असं कुणीतरी हमखास सुचवतं. सगळे खूश होतात आणि कुठलंच काम पुरं होत नाही. १,२०,००० मध्ये एक विहीर धड होते, प्रत्येकी ४०,००० मध्ये तीन कामांचे नुसते नारळ फुटतात.

भावकीचं काय? हितसंबंध असलेल्याने मत देऊ नये हा नियम शब्दशः लावला तर वाडीत मतदार उरणार नाही. त्यामुळे संस्थेचे पदाधिकारी आणि त्यांच्या घरातली माणसं एवढ्यांनीच मत द्यायचं नाही, पैसे मात्र द्यायचे. इतरांनी नातं उघड सांगितलं की पुरे. दुसऱ्याच्या नावाची चिठ्ठी टाकू द्यायची नाही, नाहीतर एकेक काका अकरा-अकरा चिठ्ठ्या घेऊन येतो.

चाकरमान्यांचा प्रश्न याहून अवघड. पैसा त्यांचा जास्त, पण उन्हाळ्यात हंडा घेऊन पऱ्यावर (ओढ्यावर) जाते ती गावातली बाई. 'जो ऐकेल तो मत देईल' हा नियम बऱ्यापैकी चालतो. बैठकीला हजर असेल त्यालाच चिठ्ठी. बैठक गणपतीत ठेवली तर मुंबईकर असतोच. फक्त गौरीच्या सणाचा दिवस टाळावा, तेव्हा सगळं घर वडे-सागोतीत असतं. ज्याला सुट्टीच मिळाली नाही त्याने त्या वर्षी द्यावं आणि निकाल मान्य करावा. ऑनलाइन फॉर्मने मतं घ्यायची टूम निघते, पण घाटीखालच्या वाड्यांना रेंज नसते आणि मग मत फक्त मुंबईचं मोजलं जातं.

निकाल लागल्यावर लगेच चेक, नाहीतर संस्थेचा क्यूआर कोड छापून भिंतीला. आपण मत दिलेलं काम हरलं तरी पैसे द्यायचेच, हे गटात येतानाच सही घेऊन सांगायचं. नावाची जागा कोरी असलेला चेक निकालाआधी कुणाच्या हाती देऊ नये. आणि आकडा जाहीर करायचा तो आलेल्या पैशांचा, कबूल केलेल्यांचा नाही. संस्थेला एक पानी पत्र द्यायचं: काम, मुदत, बिलांच्या प्रती, उरलेल्या पैशांचं काय. पुढच्या वर्षीची बैठक त्याच संस्थेच्या पाच मिनिटांच्या हिशोबाने सुरू करायची, नव्या सूचना त्यानंतर.

वेळापत्रकाची एक खोच आहे. पाण्याच्या कामाची पाहणी एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्येच करावी लागते. भाद्रपदात सगळ्या विहिरी काठोकाठ भरलेल्या असतात आणि कुठली आटते ते कुणालाच दिसत नाही. शाळा-वाचनालयाची पाहणी जुलैत करा, म्हणजे छप्पर कुठे गळतं ते कळतं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घालायचा तर दिवाळीच्या सुमाराला, वहाळ वाहता असतानाच घालावा. जानेवारीत घातलेल्या बंधाऱ्यामागे अडवायला पाणीच उरलेलं नसतं. चिऱ्याचं बांधकाम दिवाळीनंतर सुरू होऊन मेअखेर छपरापर्यंत यायला हवं. विहिरीतला गाळ मात्र पाणी तळाला गेल्यावरच निघतो, म्हणजे गणपतीत दिलेले पैसे एप्रिलपर्यंत संस्थेच्या खात्यात पडून राहणार. हे आधी सांगितलं नाही तर शिमग्याला गावी आलेला प्रत्येक जण विहिरीत डोकावून 'पैशांचं काय झालं?' विचारतो. म्हणून विहिरीच्या पत्रात मुदत '३१ मे' अशीच लिहावी, आणि तेच पान वाडीच्या फळ्यावर चिकटवावं.