अपोलोची शिलाई

हौसेला मोल नसतं, असं म्हणणाऱ्याने हौसेचं बिल भरलेलं नसतं. अमेरिकेत काही मंडळी शनिवार-रविवार गॅरेजमध्ये बसून अंतराळवीरांचे स्पेससूट शिवतात. नासासाठी नव्हे, स्वतःच्या अंगावर चढवायला. "साधारण तसाच दिसतो" असं कुणी कौतुकाने म्हटलं तर त्यांचा चेहरा पडतो. टीप कडेपासून किती आत आहे, छातीवर नळ्या जोडायच्या कड्याचा निळा नेमका कुठला, यात त्यांचे महिने जातात. मी शिवणकाम करणारी बाई. रात्री झोप लागली नाही की यांचे व्हिडिओ लावते. आधी हसू यायचं. मग एक गृहस्थ अख्खी बाही उसवताना दिसले, कारण आतलं अस्तर जरासं फिरलं होतं. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तेव्हापासून मी त्यांना आपल्यातलं मानते.

आपल्याकडे स्पेससूट म्हणजे शाळेतली फॅन्सी ड्रेस स्पर्धा. खोक्याला चंदेरी कागद, पाठीवर पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या, आणि पोर माइकसमोर येऊन सांगतं, "मी राकेश शर्मा." या मंडळींना हे दाखवू नये. चंदेरी सूट होते ते मर्क्युरी मोहिमांचे, अमेरिकेच्या पहिल्या अंतराळवीरांचे. ते मुळात नौदलाच्या वैमानिकांचे प्रेशर सूट, नायलॉनवर ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेले. राकेश शर्मा १९८४ च्या एप्रिलमध्ये गेले ते रशियन सोकोल सूट घालून, आणि तो पांढरा. पण चंदेरी कागद दहा रुपयांत मिळतो आणि स्टेजवर चमकतो, त्यामुळे आयांचंही बरोबरच आहे.

सगळ्यांचा जीव अडकलेला असतो तो मात्र अपोलोच्या सुटात. आणि त्याची गोष्ट शिवणाऱ्या बाईला सांगावी अशीच आहे. चंद्रावरचे सूट बनवायचं काम मिळालं डेलावेअर राज्यातल्या डोव्हरच्या आयएलसी या कंपनीला. हीच कंपनी प्लेटेक्स नावाने बायकांच्या ब्रा आणि गर्डल बनवायची. म्हणजे रबर, कापड आणि माणसाचं अंग या तिघांचं एकमेकांशी कसं जमवायचं, ते यांना माहीत होतं. मशीनवर बसल्या त्या शिवणकाम करणाऱ्या बायका. इंचाच्या बत्तिसाव्या भागाइतकीसुद्धा टीप हललेली चालायची नाही. टाचण्या मोजून मिळायच्या आणि मोजून परत द्यायला लागायच्या. एखादी टाचणी आत राहून हवा धरणाऱ्या रबराला टोचली तर काय होईल ते सांगायला नको. शिवून झालेला भाग एक्स-रे काढून तपासायचे. माझ्या हातून ब्लाऊजमध्ये टाचणी राहिली तर गिऱ्हाईक फार तर ओरडतं.

थर एकवीस. एकवीस थरांची गोधडीच म्हणा, फक्त यातला एकही सरकता कामा नये. कातळाला घासेल म्हणून काही, उन्हातान्हापासून वाचवायला मायलार आणि कॅप्टॉन या प्लास्टिकचे केसासारखे पातळ थर, आणि सगळ्यांत बाहेर बीटा क्लॉथ. १९६७ च्या जानेवारीत अपोलो १ च्या यानात जमिनीवर सराव करतानाच आग लागली आणि तिघे अंतराळवीर गेले. त्यानंतर नायलॉनचं बाहेरचं आवरण बाद झालं आणि काचेच्या धाग्यांचं, टेफ्लॉन चढवलेलं हे कापड आलं. ते पेटत नाही. पांढरंशुभ्रही नाही, किंचित दुधाळ आहे. हौशी माणसाला खरं बीटा क्लॉथ परवडत नाही आणि अंगाला खाजतं ते वेगळंच, म्हणून तो तशाच दुधाळ रंगाच्या दुसऱ्या कापडाच्या शोधात दुकानं पालथी घालतो. या शोधातली चिडचिड मला तोंडपाठ आहे.

पण माझ्या मते यातली खरी अडचण कापडाची नाही, मापाची आहे. अपोलोचे सूट एकेका माणसाच्या मापाने बेतलेले. मुख्य तुकडीतल्या प्रत्येकासाठी तीन: सरावाचा, जायचा आणि जादाचा. हातमोज्यांसाठी तर त्या-त्या माणसाच्या हाताचे साचे घेतले होते. चंद्रावर घालायचा तो मोजा जवळून बघण्यासारखा आहे. पंजावर क्रोमेल-आर नावाचं, धातूच्या बारीक तारांचं विणलेलं कापड, ते हलवलं की करडी चकाकी येते. आणि बोटांची टोकं निळ्या सिलिकॉन रबराची, कारण तारेच्या कापडातून हाताला काही कळणार नाही. आता आर्मस्ट्राँगचा मोजा हुबेहूब करायचा, तर तो आर्मस्ट्राँगच्याच हाताला बसणार. आपल्याला बसवायचा, तर तो आर्मस्ट्राँगचा राहत नाही. पोटाचं सांगायलाच नको. अंतराळवीर सडपातळ होते, गॅरेजवाले बहुतेक माझ्या वयाचे आहेत. मग कंबर सोडायची आणि खांदे मूळ मापाचे ठेवायचे, की सगळंच प्रमाणात वाढवायचं? सगळं वाढवलं तर छातीवरची कडी लहान दिसतात. शेवटी प्रत्येक जण कुठे चुकायचं ते स्वतःच ठरवतो. मी असते तर कंबर सोडली असती. खांदा चुकला की कपडा गेला.

काही चुकांना मात्र माफी नाही. अपोलो ११ चे फोटो आले तेव्हा यातला आर्मस्ट्राँग कुठला आणि आल्ड्रिन कुठला, हेच ओळखू येईना. दोघेही पांढरे, तोंडावर सोनेरी काच. म्हणून पुढे कमांडरच्या दंडावर, पायांवर आणि हेल्मेटवर लाल पट्टे आले. अपोलो १३ च्या सुटाला ते होते, पण ती मंडळी चंद्रावर उतरलीच नाहीत. चंद्राच्या मातीवर ते पहिल्यांदा दिसले १९७१ मध्ये, अपोलो १४ चा कमांडर ॲलन शेपर्डच्या अंगावर. त्यामुळे कुणी अपोलो ११ चा सूट म्हणून लाल पट्टे लावून आला, तर बाकीचे काही बोलत नाहीत, नुसते पट्ट्यांकडे बघतात. लग्नात नणंदेने काठ बघावा तसं.

मुलाकडे गेले होते तेव्हा वॉशिंग्टनच्या एअर अँड स्पेस म्युझियममध्ये आर्मस्ट्राँगचा सूट पाहिला. आतलं रबर कडक होऊन तडकत चाललं होतं, म्हणून तो बरीच वर्षं काढून ठेवला होता. २०१५ मध्ये लोकवर्गणी काढली, सात लाख डॉलरच्या वर जमली, आणि २०१९ च्या जुलैमध्ये, चंद्रावर उतरल्याला पन्नास वर्षं होताना, तो परत मांडला. पायांवर चंद्राची धूळ अजून आहे, झटकलेली नाही. गॅरेजवाल्यांचा एक वाद तिथे मला नीट कळला. नक्कल कधीच्या सुटाची करायची? निघतानाच्या कोऱ्या सुटाची, की परत आल्यावरच्या मळलेल्या? मळलेला हवा असेल तर महिनोन् महिने शिवलेल्या कपड्याला हाताने राखाडी पूड चोळायची. मला ते जमणार नाही. नवा कपडा मळवायचा ही कल्पनाच माझ्या हाताला मानवत नाही.

अंगावर चढवणं हा वेगळाच प्रकार. अपोलो ११ च्या सुटाची झिप पाठीमागे, त्यामुळे मदतीला माणूस लागतोच. मूळ सुटाच्या आत बारीक नळ्या शिवलेला अंगरखा असे, त्यातून गार पाणी फिरायचं. हौशी लोक पाठीवरच्या पेटीत पंखा बसवतात, कुणी बर्फाच्या पाण्याचं जाकीट घालतात, तरी घामाघूम होतात. काचेवर वाफ धरते, पायाखालचं दिसत नाही, कुणी काय बोललं ते ऐकू येत नाही. मग बायको हात धरून जिना उतरवते. सोकोलची नक्कल करणाऱ्यांचं आणखीनच. तो सूट मुळात सोयूझ या रशियन यानात गुडघे पोटाशी घेऊन आडवं पडायला बेतलेला, उभं राहिलं की माणूस पुढे वाकतो. नकलेत ही अडचण ठेवायची काही गरज नाही. पण ठेवतात, आणि मग प्रदर्शनभर वाकून हिंडतात. याला मात्र मी मनापासून दाद देते.

या सगळ्यावर कडी म्हणजे स्पेसएक्सचा सूट. शुभांशू शुक्ला २०२५ च्या जूनमध्ये अंतराळ स्थानकावर गेले ते तो घालून. त्याचं रूप आधी ठरवलं होझे फर्नांडिस यांनी, जे हॉलिवूडमध्ये सुपरहिरोंचे पोशाख करायचे. दिसायला कसा हवा ते आधी झालं, आत हवा कशी धरायची ते इंजिनिअरांनी मागाहून जमवलं. नक्कल आधी आणि अस्सल नंतर. गॅरेजवाल्यांना याचा आनंद व्हावा की राग यावा, मला सांगता येत नाही. फिटिंग मात्र सुरेख आहे.

मीही एक काम काढलंय. पूर्ण सूट नाही, घरात बोलणी खावी लागतील. हेल्मेटच्या आत घालायची ती टोपी, कानावर इयरफोन आणि तोंडाशी माइक असलेली. मधोमध पांढरी आणि बाजूंना गडद, म्हणून कार्टूनमधल्या काळ्या कानांच्या पांढऱ्या कुत्र्यावरून तिला स्नूपी कॅप म्हणतात. कापड कमी लागतं, डोक्याला माप एकच. अडलंय ते बाजूच्या तपकिरी रंगापाशी. एका फोटोत तो चॉकलेटी दिसतो, दुसऱ्यात जवळपास काळा. रविवार पेठेत गेले, तर दुकानदाराने तपकिरी ताग्यांचा ढीग लावला, मी प्रत्येक तागा उजेडात नेऊन मोबाइलमधल्या फोटोशी लावून बघितला. शेवटी कंटाळून त्याने विचारलं, "ताई, मॅचिंग ब्लाऊजला का?"

हो म्हटलं आणि अर्धा मीटर घेतलं.