माया

१९९६ च्या जूनमध्ये मी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षासाठी मिरजेहून पुण्याला निघाले, तेव्हा आईने मला तीन पंजाबी ड्रेस शिवून दिले आणि प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंच्या शिवणीत बोटभर जास्तच माया ठेवली. मी तेव्हा इतकी किडकिडीत होते की मला ती कापडाची नासाडी वाटली. स्टेशनवरच्या वजनयंत्राने दिलेल्या तिकिटावर ४२ किलो छापलेले होते.

सदाशिव पेठेत कॉटबेसिसवर चौघींची खोली आणि दोन गल्ल्या सोडून मेस. मेसचे पैसे महिन्याच्या सुरुवातीलाच भरलेले असत. खाडा धरायचा तर आदल्या दिवशी सांगावे लागे आणि ते कधीच आठवत नसे. त्यामुळे भूक असो वा नसो, न जेवणे म्हणजे वडिलांचे पैसे बुडवणे, असा हिशेब डोक्यात पक्का बसला. घरी चौथी पोळी वाढण्याआधी आई माझ्या तोंडाकडे बघत असे. येथे वाढपी फक्त ताटाकडे बघे, आणि ताट रिकामे दिसले की पोळी पडे. रविवारी दुपारी पुरी, मसालेभात आणि गोड. संध्याकाळी मेस बंद. चालू मेसपेक्षा या बंद मेसनेच आमचे वजन अधिक वाढवले असावे, कारण दुपारी तुडुंब जेवूनही ‘आज रात्री मेस नाही’ एवढ्या आठवणीनेच आम्हांला सहा वाजल्यापासून भूक लागे, आणि मग भेळ, डोसा, वर कोल्ड कॉफी.

शिवाय शनिवार-रविवारी कोणी ना कोणी गावी जाऊन येई. भडंग, डिंकाचे लाडू, चकल्या; डबा एकीचा असला तरी तो रात्री अकराला, सबमिशनच्या वह्यांच्या पसाऱ्यात, चौघींनी मिळून संपवायचा. घरच्या आठवणीने जिला रडू येई तिच्यापुढेही आम्ही डबाच सरकवत असू. दुसरा उपाय आम्हांला ठाऊक नव्हता.

अमेरिकेत या प्रकाराला ‘फ्रेशमन फिफ्टीन’ म्हणतात, म्हणजे पहिल्या वर्षात १५ पौंड, जवळपास सात किलो. तो आकडा फुगवलेला आहे. २०१५ साली अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात सरासरी वाढ १.३६ किलो निघाली. ज्यांचे वजन खरोखर वाढले होते, तेवढ्यांचीच सरासरी काढली तरी ती साडेतीन किलोंच्या आतच राहिली.

दिवाळीत मिरजेच्या त्याच यंत्राने मला ४६ किलो दाखवले, आणि तिकिटाच्या मागे भविष्य होते : ‘लवकरच भरभराट होईल.’

आई काही बोलली नाही. तिने ड्रेस उलटा केला, ब्लेडने शिवण उसवली आणि दडवलेली माया मोकळी केली. बाहेरचे कापड पाच महिन्यांच्या धुण्याने विटले होते, आतले मात्र कोरे, गडद निळे राहिले होते. त्यामुळे नव्या शिवणीलगत दोन्ही कुशींवर निळ्या रंगाची एकेक पट्टी उघडी पडली, आणि ते वर्ष संपेपर्यंत मी ओढणी पसरून घेतल्याशिवाय खोलीबाहेर पडले नाही.