काटेरी दोरा

काल दुर्बिणीतून फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली गाठ, काढायची केस होती. निफाडकडच्या, द्राक्षबाग असलेल्या एक ताई. गाठ सुटली, गर्भाशयाच्या भिंतीत खोल खळगा उरला आणि त्यातून रक्त झिरपायला लागलं. सिस्टरांनी विचारलं, "मॅडम, व्हिक्रिल फोडू की व्ही-लॉक?"

दोन्ही आपोआप विरघळणारे टाक्यांचे दोरे, व्हिक्रिल साधा आणि व्ही-लॉक काटेरी. अशा वेळी मी व्ही-लॉकच घेते. पोट उघडून शिवताना असिस्टंट दोरा ताणून धरतो. दुर्बिणीत तसं धरायला हात मोकळा नसतो. पुढचा टाका घालेपर्यंत मागचा ढिला पडतो आणि रक्त चालूच. व्ही-लॉकला एकाच दिशेने बारीक काटे असतात, ओढलेला टाका मागे सरकत नाही. टोकाच्या फासातून सुई ओवली की गाठीचं कामच नाही. फक्त शेवटी शेपूट अगदी आखूड कापायचं. लोंबत राहिलं तर त्या काट्यांत आतडं अडकू शकतं. हे मी दर वेळी मोठ्याने बोलून दाखवते, असिस्टंट कंटाळले तरी.

गर्भाशय काढल्यावर योनीचा वरचा भाग शिवायला मात्र माझं जुनं व्हिक्रिलच. विणलेला, मऊ दोरा, गाठ छान बसते. दोन आठवड्यांनी साधारण 75 टक्के ताकद उरते, 56 ते 70 दिवसांत विरघळतो. शिवाय काटेरी दोऱ्याची किंमत व्हिक्रिलच्या कितीतरी पट. बिल पेशंटच भरतो, तेव्हा जिथे गाठ मारून भागतं तिथे मी गाठ मारते. ती आतल्या आत मारायला शिकताना पुठ्ठ्याच्या खोक्यात मोबाइल लावून अंघोळीचे स्पंज शिवलेत, घरचे हसायचे. पीडीएस नावाचा आणखी एक विरघळणारा दोरा आहे, टिकतो जास्त, पण पाकिटातली वेटोळी विसरत नाही. स्क्रीनवर स्प्रिंगसारखा उसळतो. माझं त्याच्याशी जमलं नाही.

आज राउंडला ताईंनी विचारलं, "मॅडम, आतले टाके काढायला कधी येऊ?"

"काढायचे नाहीत, आपोआप विरतात. सहा महिने धरा."

त्यांनी बोटं मोजली. त्यांच्याकडे आत्ताच द्राक्षाची एप्रिलमधली खरड छाटणी उरकली आहे. "म्हणजे ऑक्टोबरच्या छाटणीपर्यंत. आणि क्रेट कधी उचलू?"

"दीड महिना तरी नाही. आधी मला दाखवा, मग बघू."

"सासूबाईंना तुम्हीच सांगा," म्हणाल्या. फोन लावूनच दिला.