पोलिसाला देवधर्म असतो का? तुम्ही विचारलंत म्हणून...

नोकरी सगळी सोलापूर ग्रामीणला झाली, आता रिटायर आहे, तरी लग्नाच्या पंगतीत कुणीतरी विचारतंच, "काय ओ हवालदार, तुम्हाला देवधर्म असतो का नुसतं दुसऱ्याच्या मिरवणुकीत काठी घेऊन उभं राहायचं?" असतो की ओ, फक्त बंदोबस्तात बसवावा लागतो. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत बघा, अख्खं गाव नंदीध्वजांना, म्हणजे मिरवणुकीतल्या त्या उंच काठ्यांना, हात जोडतंय आणि शहरातल्या आमच्या भाऊबंदांची पाठ नंदीध्वजाकडं, तोंड गर्दीकडं.

2023 ला आषाढी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली, 29 जूनला. पंढरपुरातल्या मुस्लिम बांधवांनी त्या दिवशी कुर्बानी करायची नाही असं ठरवलेलं, ते पेपरात आलं. आमच्यातला एक मुस्लिम पोरगा दर्शनरांगेला बंदोबस्तात होता, ते पेपरात कुठं येणार? त्याच्या पॉइंटवर गळ्यात माळ असलेला आमचाच एक जण सकाळी येऊन उभा राहिला, "जा, नमाज पढून ये" म्हणाला, स्वतःच्या गाडीची चावी दिली. साहेबाला विचारलं नाही. हे असलं आमच्यात चालतंच, ड्युट्या लावणारा हजेरी मास्तर बरा असला तर रोजा असलेल्याला संध्याकाळी लांबच्या नाक्यावर टाकत नाही.

पण हे झालं सणावाराचं. मनाचं काय? पुणे हायवेला ॲक्सिडेंट झाला की रस्त्यावरचं गोळा करून चादरीत बांधणारा आमचाच शिपाई, मग पंचनामा, पीएमला बॉडी, आणि घरी जाऊन जेवायचं. त्यात लहान लेकरू असलं तर ताटावर बसवत नाही ओ. सांगायचं कुणाला? हजेरी मास्तरला सांगितलं तर उद्या सगळ्या ठाण्याला कळणार, साहेबाला सांगितलं तर "डोकं फिरलंय" म्हणून साइड पोस्टिंग. मध्येमध्ये तणावमुक्तीचं व्याख्यान असतं, पहिल्या रांगेत साहेब बसलेले, मागं आम्ही, कोण तोंड उघडणार?

इंग्लंडात पोलिसांना चॅप्लेन असतात, म्हणजे मन मोकळं करायला धर्मगुरूसारखी माणसं, बरेचसे बिनपगारी, वेगवेगळ्या धर्मांचे, देव न मानणाऱ्याशीपण बोलतात, आणि मुख्य म्हणजे त्यांना रँक नसते. आपल्या लष्करात पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री आहेत, पण ते जेसीओ, म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर, खांद्यावर फीत आलीच. पूजाअर्चेला चालतं ते. मला विचाराल तर पोलिसाला पूजा सांगणारा नकोच आहे, पूजा आमची बायका करतात घरी, आम्हाला फीत नसलेला आणि डायरीत नोंद न करणारा माणूस पाहिजे.

मग पुढचा प्रश्न ठरलेला, कुठल्या धर्माचा? अहो सोलापूर आहे हे, एका पोलीस लाइनीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चारी भाषेत भांडणं होतात, एकानं भागणारच नाही. आणि माणसं शोधायची गरजपण नाही. शांतता कमिटीच्या मीटिंगला स्वामी, मौलाना, भंते, फादर सगळे येतात, साहेबांसमोर सोफ्यावर बसून चहा-बिस्किट घेतात, फोटो काढतात. मागच्या बाजूला रेस्ट रूम असते, नाइट करून आलेली पोरं बूट न काढता आडवी झालेली असतात. फोटो झाल्यावर तिकडं जाऊन बसावं थोडा वेळ, साहेबांना न घेता.