अफरवटच्या धारेवर, खिशात नकाशा

गुलमर्गला स्कीइंगला जायचं ठरलं की हॉटेल, विमान, थर्मल या सगळ्याच्या आधी आपलं सिमकार्ड बघावं. जम्मू-काश्मीरबाहेरचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेडच लागतं. आणि पोस्टपेड असलं तरी वरच्या उतारांवर रेंज येते-जाते. त्यामुळे नकाशे घरून, वायफायवर डाउनलोड करूनच निघायचं. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना ही सवय असतेच. जीपीएसला मोबाइलचं नेटवर्क लागत नाही, फोन थेट उपग्रहांचे सिग्नल पकडतो. नेटवर्क लागतं ते फक्त मागचं चित्र आणायला. माझा धाकटा भाऊ आणि मी, दोघांनी पुण्यातच ओस्मअँड या नकाशांच्या ॲपमध्ये काश्मीरचा नकाशा, कंटूर रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) आणि स्कीच्या वाटा दाखवणारं दृश्य असं सगळं भरून घेतलं होतं.

श्रीनगरहून टंगमर्ग आणि तिथून वळणावळणांचा बर्फाळ घाट चढून गुलमर्ग. गाव साधारण २,६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा, म्हणजे दोरावरून जाणाऱ्या पाळण्यांचा, पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत नेतो, दुसरा थेट अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळजवळ ३,९५० मीटरवर. पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, दुसरा २००५ मध्ये. या दुसऱ्या टप्प्यासाठीच जगभरातून स्कीवाले इथे येतात.

खालच्या उतारांवर, म्हणजे यंत्राने दाबून सारख्या केलेल्या पिस्टवर, नकाशाचं फारसं काम नाही. तिथे स्लोप्ससारखं ॲप खिशात चालू ठेवायचं आणि संध्याकाळी किती उतरलो, वेग किती होता ते बघायचं. त्यात आनंद आहे, आणि नवशिक्याला आपली प्रगती दिसते हेही खरं. पण गुलमर्गमध्ये पिस्ट थोडी आणि मोकळा डोंगर अफाट. दुसऱ्या टप्प्याच्या दारातून बाहेर पडलं की समोर पसरलेल्या वाटीसारख्या खोलगट उतारावर स्की पेट्रोलचं, म्हणजे गस्त घालणाऱ्या पथकाचं, लक्ष असतं, तिथे हिमस्खलन रोखायचे उपायही केले जातात. त्या हद्दीच्या पलीकडे तुम्ही, तुमचा गाईड आणि बर्फ. २०२३ च्या १ फेब्रुवारीला अफरवटवरच्या हापतखुदच्या उतारावर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू मरण पावले. पलीकडे पाऊल टाकताना हे लक्षात असलंच पाहिजे.

इथे फोनवरच्या नकाशाची खरी परीक्षा होते. हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात, म्हणून स्कीवाल्यांच्या नकाशांत उतार रंगांनी दाखवायची सोय असते. सरकारी स्विस आणि फ्रेंच नकाशांत ३० अंशांपुढे पिवळा, ३५ पुढे नारिंगी, ४० पुढे लाल, ४५ पुढे जांभळा. स्वित्झर्लंडमध्ये स्विसटोपोचं ॲप फुकट आहे आणि त्यामागची मोजणी इतकी बारकाईची आहे की लहानशी घळही नकाशावर ओळखू येते. आपल्याकडे तशी मोजणी लोकांच्या हाती नाही, आणि गुलमर्ग तर नियंत्रण रेषेजवळ. इथल्या ॲपमधल्या कंटूर रेषा बहुधा २००० साली नासाच्या एंडेव्हर या अंतराळयानाने रडारने केलेल्या मोजणीतून येतात. तिच्यात जमिनीचा एकेक चौकोन साधारण ३० मीटरचा आहे.

याचा अर्थ काय ते रात्री हॉटेलात कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची शेगडी, मांडीशी घेऊन भावाने वहीत काढून दाखवलं. "ताई, हे बघ. तीस मीटरच्या चौकोनात मधोमध बारा मीटरचा सरळ कडा आहे, बाकी सपाट. सरासरी किती येते?" जेमतेम २२ अंश. नकाशावर तिथे रंगच उमटणार नाही. वरून येणाऱ्याला कड्याचं टोक दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. त्या एका आकृतीने माझ्या डोक्यातला गोंधळ मिटला. गुलमर्गमध्ये रंग दिसला तर थांबून विचार करायचा, रंग नाही दिसला तरी विचार करायचाच. रंग नाही म्हणजे सुरक्षित, असं इथे समजायचं नाही.

दुसऱ्या दिवशी धारेवर आडवं जाताना आमचे गाईड, टंगमर्गचेच, एका घळीच्या तोंडाशी थांबले. काठी बर्फात खुपसली. वर मऊ, मग एक कडक थर, त्याखाली पुन्हा पोकळ. "हवा ने रखी है ये बर्फ़," एवढंच म्हणाले आणि पुढच्या घळीकडे निघाले. माझ्या नकाशावर दोन्ही घळी सारख्याच दिसत होत्या. तोच उतार, तीच दिशा. कालचा वारा कुठून वाहिला आणि बर्फ कुठे आणून टाकला हे नकाशाला कळत नाही. त्यासाठी डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था आणि जम्मू-काश्मीरचं आपत्ती प्राधिकरण यांचा हिमस्खलनाचा इशारा रोज सकाळी बघायचा आणि गाईडच्या काठीवर विश्वास ठेवायचा.

मग फोन काढायचा तो कशासाठी? आम्हाला त्याचं मोल ढग आल्यावर कळलं. अफरवटवर पाच मिनिटांत सगळं पांढरं होतं. आकाश आणि जमीन यांतली रेघ पुसली जाते, उभं असतानाही आपण सरकतोय असं वाटतं. सकाळी निरभ्र असताना आम्ही गोंडोलाचं वरचं स्टेशन, घळीचं तोंड आणि खालची झाडांची सुरुवात अशा खुणा नकाशावर टाकून ठेवल्या होत्या. त्यामुळे स्टेशन कोणत्या अंगाला आणि किती दूर, हे ठाम सांगता येत होतं. तरी गाईडनी धारेपासून भरपूर आत राहायला लावलं, आणि कारण पटण्यासारखं होतं. वाऱ्याने कड्याबाहेर बर्फाचा सज्जा लोंबतो, त्याला कॉर्निस म्हणतात. फोनचं जीपीएस पाच-दहा मीटर इकडेतिकडे होतं. निळा ठिपका धारेवर आणि पाय सज्ज्यावर, असं सहज होऊ शकतं.

फोन कुठे ठेवायचा, हाही विचार करण्यासारखा प्रश्न आहे. थंडीत बॅटरी धडाधड उतरते, वीस टक्के दाखवत असतानाच फोन बंद पडतो, म्हणून तो अंगाशी हवा. पण छातीवर हिमस्खलनाचा बीकन असतो, बर्फाखाली गाडलेल्या माणसाला शोधायचं छोटं यंत्र. तो ४५७ किलोहर्ट्झवर सिग्नल देतो आणि जवळच्या फोनमुळे त्यात बिघाड येतो. साधा नियम असा: बीकन पाठवत असताना फोन २० सेंटिमीटर लांब, आणि कुणाला शोधत असताना निदान ५० सेंटिमीटर. आम्ही फोन मांडीवरच्या आतल्या खिशात ठेवायचो, विमान मोडवर. जीपीएस तसंही चालतं आणि रेंज शोधण्यात बॅटरी जात नाही. उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं युरोपात सर्रास वापरतात, पण भारतात ती परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. परदेशातून येणाऱ्या मित्रांना हे आधीच सांगा.

सगळ्यात सुंदर उतरण होती ती गुलमर्गखालच्या बाबारेशी दर्ग्याकडची. वरचा उघडा डोंगर संपला की फरची झाडं, फांद्यांवर बर्फाचे ढीग, मधून मऊ अंगाची वाट. झाडांत जीपीएस थोडं भरकटतं, पण इथे नकाशा खरोखर उपयोगी पडतो. नाल्याच्या चुकीच्या बाजूला उतरलं तर स्की खांद्यावर घेऊन कंबरभर बर्फातून परत चढावं लागतं. दर मोकळ्या जागी थांबून आम्ही नाला डावीकडे की उजवीकडे ते बघत होतो. हातमोजा दातांत धरून, स्क्रीनवरचा भुरभुर बर्फ बाहीने पुसत. भाऊ पुढे, मग मी, मागे गाईड. खाली बाबारेशींच्या दर्ग्याचं छप्पर दिसलं, रस्ता लागला आणि ठरलेल्या वळणावर जीप उभी होती.

त्या जंगलातला शेवटचा तुकडा, नाला ओलांडून रस्त्याला लागणारी पायवाट, आमच्या नकाशावर नव्हती. ओस्मअँडचे नकाशे ओपनस्ट्रीटमॅपवरून येतात आणि त्यात कुणालाही भर घालता येते. पुण्याला आल्यावर आमचा नोंदवलेला माग समोर ठेवून भावाने ती पायवाट काढली. फॅटमॅप हे ऑफ-पिस्टवाल्यांचं, म्हणजे पिस्ट सोडून मोकळ्या डोंगरावर उतरणाऱ्यांचं, लाडकं ॲप २०२३ मध्ये स्ट्राव्हाने घेतलं आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झालं, तेव्हापासून मी सगळे माग जीपीएक्स फाइल (दुसऱ्या ॲपमध्येही उघडते अशी) करून वेगळेही ठेवते. ओस्मअँडचे नकाशे महिन्याला नवे येतात. बाबारेशीला उतरणार असाल तर निघायच्या आठवड्यात काश्मीरचा नकाशा पुन्हा डाउनलोड करा, म्हणजे ती पायवाट तुमच्याही फोनवर असेल.