तुम्ही विचारलंत म्हणून: पॅकेजच्या बातम्या आणि आपलं मत

निवडणूक लागली की हा प्रश्न येतोच: “बातम्या पैसे घेऊनच छापतात, मग पेपर वाचून मत कशाला ठरवायचं?” विचारणाऱ्याचा पेपर बहुधा आधीच बंद झालेला असतो, त्याला माझी मान हलायला हवी असते. ती हलणार नाही.

पण हा संशय उगाच आलेला नाही. ऑक्टोबर 2009 च्या विधानसभा निवडणुकीत पदयात्रेची बातमी, मुलाखत, ‘विजय निश्चित’, सगळ्याचे दर ठरले होते आणि सगळं मिळून पॅकेज. पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेली ही जाहिरात म्हणजेच पेड न्यूज. पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त दाखवून दिलं की तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारा मजकूर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत शब्दशः सारखा छापून आला होता. पानंच्या पानं भरली होती, आणि चव्हाणांच्या निवडणूक खर्चाच्या हिशोबात वर्तमानपत्रांच्या जाहिरातींपुढे आकडा होता 5,379 रुपये. खर्चाची मर्यादा तेव्हा 10 लाख होती. चव्हाणांनी आरोप नाकारला. जुलै 2014 मध्ये निवडणूक आयोगाने हिशोब नीट दिला नसल्याचं ठरवलं, सप्टेंबरमध्ये दिल्ली हायकोर्टाने तो आदेश रद्द केला. तोवर पुढची निवडणूक दारात आली होती. वृत्तपत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या दोघा सदस्यांनी पेपरांची नावं घेऊन 71 पानी अहवाल लिहिला, कौन्सिलने 2010 मध्ये नावं गाळून त्याची छोटी आवृत्ती काढली. वाचकाचा विश्वास तिथे तुटला, आणि त्यासाठी मी वाचकाला दोष देत नाही.

“मग मतदान कुठे घटलं?” असं मला सुनावतात. नाही घटलं, 2014 मध्ये वाढलंच. मीही एकेकाळी याच आकड्यावर बोट ठेवत असे. पण मत देणं एका दिवसाचं काम. पाणीयोजनेचं बिल कुणी उचललं, हे तालुक्याच्या पानावर वाचून ग्रामसभेत उभं राहणं हे पाच वर्षांचं. ‘हीपण पेडच असणार’ म्हणून खरी बातमी सोडून दिली की ग्रामसभेत विचारायला हातात काही उरत नाही.

ओळखायची कशी? एकाच मजकुराला दोन पेपरांत वेगवेगळी बायलाइन, म्हणजे लिहिणाऱ्याचं नाव. एकाच पानावर दोन प्रतिस्पर्धी, दोघांचाही विजय निश्चित. विरोधकाची प्रतिक्रिया नाही, गर्दीचा आकडा आहे पण सभेत काय बोलले ते नाही. एका खुणेवर शिक्का मारू नका, दोन-तीन जुळू द्या.

मग तारीख आणि आवृत्ती दिसेल असं अख्खं पान ठेवा, नुसतं कात्रण नको. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समितीकडे त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार द्या. उशीर चालत नाही, कारण छापल्यापासून 96 तासांत उमेदवाराला नोटीस जावी लागते. त्याला उत्तराला 48 तास. पेड न्यूज ठरली तर मजकूर कॉलम-सेंटिमीटरने मोजून सरकारी जाहिरात दराने रक्कम त्याच्या खर्चात धरतात. निकालानंतर 30 दिवसांत त्याला हिशोब द्यावा लागतो. तो एक रुपया फी भरून कुणालाही बघता येतो. बघा, बघत कुणी नाही.

अडतं ते पुराव्यावर. व्यवहार रोखीत, पावती नाही. उमेदवार म्हणतो, त्यांनी आपणहून छापलं; पेपर म्हणतो, आमचं मत. शिवाय पेड न्यूज हा अजूनही स्वतंत्र निवडणूक गुन्हा नाही. खाली तालुक्याला वार्ताहराचं मानधन तुटपुंजं, कमिशन जाहिरातींवर. ज्या सभापतीविरुद्ध लिहायचं, त्याच्याकडेच दिवाळी अंकाची जाहिरात मागायची. हे सुटल्याशिवाय समित्या किती पुरतील, मला सांगता येत नाही.

आणि ज्याने पॅकेज घेतलं नाही, त्याच्या सभेची ओळही आली नाही. जे छापलं ते समिती मोजते. न छापलेलं कुठल्या दराने मोजायचं, याचा रकाना समितीच्या तक्त्यात नाही.